गुरुवारी मनाचे डॉक्टर येतात

सरकारी दवाखान्यात समुपदेशक म्हणून बसलं, की औषधांच्या आधी किस्स्यांचा साठा होतो. औषधं संपतात, किस्से संपत नाहीत! नावं बदलून थोडे सांगते.

*

अर्जुनी मोरगावात दर गुरुवारी गोंदियाहून मनाच्या आजारांचे डॉक्टर यायला लागले. आम्ही हौसेनं दारावर 'मानसोपचार' अशी ठळक पाटी लावली. दिवसभर कुणी फिरकलं नाही. शेजारी डोळ्यांच्या खोलीसमोर मात्र ही गर्दी!

संध्याकाळी एक आजोबा तिथून चष्म्याचा नंबर काढून हळूच आमच्याकडे घुसले. "डोळे चांगले हायेत बाई. झोपच नाही येऊन राहिली. पन तुमच्या दारात बसलो तं गाव म्हनन, बुढा पागल झाला!"

पाटी काढली. गर्दी झाली.

*

एका गावातला झाडफूक करणारा भगत आमचा खरा दोस्त. "याले भूतबित काही नाही, दवाखान्यात ने," असं सांगून तो माणसं पाठवायचा. एकदा तो स्वतःच आला आणि सगळे जाईपर्यंत बसून राहिला.

"आज कुणाला आणलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोनाले नाही. साऱ्या गावाचं मी झाडतो साहेब. माहं कोन झाडन?"

*

आमची आशा सेविका देवकाबाई म्हणजे तोफ! "ताप आला तं गोळी घेता, मग मन दुखलं तं काऊन लाजता?" असं घरोघरी ठणकावायची. पेशंट तिच्यामागे मुकाट यायचे.

आणि तिच्याच घरात नवरा, रघुनाथभाऊ, भिंतीकडे तोंड करून पडलेला. एकेकाळी दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, गावाला हसवून लोळवणारा माणूस! "जगून का करू?" असं म्हणायला लागला, तेव्हा देवकाबाईनं धानावर फवारायचं औषध गुपचूप भावाच्या घरी नेऊन ठेवलं. आमच्यासमोर पहिल्यांदाच रडली. "साऱ्याइले आनलं, घरचा मानूस नाही आनता येऊन राहिला!" मला फार भीती वाटली होती.

शेवटी तिनं त्याच्यासाठी दवाखान्याचं नावच काढलं नाही. शेजारच्या म्हातारीला गाडीवरून आमच्याकडे सोड, एवढंच त्याला सांगितलं. म्हातारीला आधार द्यायला तो आत आला आणि डॉक्टर तिला विचारत होते ते खाली मान घालून ऐकत बसला. भूक लागते का? कशात मन रमतं का? म्हातारी उठली, हा उठेना.

"साहेब," तो म्हणाला, "हे तं तुमी माहंच सांगून राहिले."

औषधं सुरू झाली. हळूहळू रघुनाथभाऊ बांधावर दिसायला लागला, भांडायलाही लागला. देवकाबाईनं त्या भांडणाचे पेढे वाटले!

*

दिवाळीनंतर गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, भरदुपारी दंडार उभी राहिली. रघुनाथभाऊ शिपाई, गावातले एक वजनदार गृहस्थ राजा. कथेत राजाचा मुलगा लढाईत मारला जातो, राजा अन्नपाणी सोडतो आणि सिंहासनावर बसून रडतो. इथं शिपायानं फक्त मुजरा करायचा होता. पण गडी पुढं सरसावला!

"महाराज, कायले रडता? गुरुवारी अर्जुनीले मनाचे डॉक्टर येतात. मी जाऊन आलो, पाहा कसा उभा हाओ!"

मंडई हसून हसून लोटपोट. देवकाबाई बायकांत उभी राहून शिट्टी वाजवत होती!

पुढच्या गुरुवारी मी दवाखाना उघडायला गेले, तर दारात सगळ्यात पहिला राजा उभा. मी गमतीनं म्हटलं, "काय महाराज, शिपायाचं ऐकलंत?"

त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"बाई, तवा मी सोंग नोहोतो करून राहिलो."