एका दांड्यासाठी फणसवाडी ते वरळी

कुऱ्हाड माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. ती धोंडूची. धोंडू आमच्या फणसवाडीत घरोघर जळाऊ लाकडं फोडून देतो. फोडील त्या दिवशी त्याच्या घरी चूल पेटते. शुक्रवारी मी कचेरीतून लवकर सुटलो, तेव्हा तो सावलीत पाणी पीत बसला होता आणि मला, जन्मभर टाक चालवणाऱ्या कारकुनाला, आपणही एक ओंडका फोडून पाहावा अशी हुक्की आली. तिसऱ्या घावाला दांडा मोडला. नवा मीच घालीन, असं तो म्हणत होता. पण वाडीतली चार माणसं बघत होती, तेव्हा मी ऐटीत सांगितलं, सोमवारी सकाळी कुऱ्हाड तयार मिळेल. तोवर त्याचं काम माझ्यामुळे बंद.

शनिवारी गिरगावातल्या सुताराकडे गेलो. हा पाळणे आणि देव्हारे करणारा. कुऱ्हाडीच्या भोकाला नेढं म्हणतात, एवढं ज्ञान तिथे मिळालं. त्या नेढ्यात त्याने दांडा ठोकला, तो सैल बसला, म्हणून रात्रभर पाण्यात ठेवायला सांगितलं. सकाळी पाहतो तो लाकूड फुगून घट्ट. मी खूश. शेजारचे आप्पा मात्र मान हलवून म्हणाले, ओला दांडा दगा देतो, परळला गिरणीतला एक सुतार आहे त्याला दाखव. सुतार म्हणतो झालं, आप्पा म्हणतात नाही झालं. कुणाचं खरं ते मला कळेना, म्हणून रविवारी निघालो.

कुणाला असं जायचं असेल तर कुऱ्हाड गोणपाटात गुंडाळून घ्या, नाही तर ट्राममध्ये लोक अंग चोरून बसतात. घोड्यांच्या ट्रामने भायखळ्यापर्यंत एका आण्यात गेलो आणि पुढे लालबागवरून पायी. ऊन असं की डोक्यावरची पगडी तापली. गोणपाट केव्हाच सुटलं होतं आणि कुऱ्हाड मी खांद्यावर टाकली होती. त्या उन्हात दांडा वाळला, आकसला, आणि पातं निसटून रस्त्याकडेला एका भाजीवालीच्या पाटीपुढे हातभर अंतरावर पडलं. ती शांतपणे म्हणाली, "बाबू, कोनाचा जीव घ्यायला निघालात?" मी पातं उचलून काखेत मारलं. आप्पांचं खरं होतं.

परळच्या चाळीत सुतार सापडला. सावंतवाडीकडचा, सुट्टी म्हणून ओट्यावर पाय पसरून बसलेला. ओल्या दांड्याची गोष्ट ऐकून तो पोट धरून हसला. मग म्हणाला, कुदळीसारखा वरून दांडा ओवायचा, म्हणजे पातं वरच्या जाड टोकावरून निघूनच जाणार नाही. ऐकायला पटलं. पण नेढं वरच्या बाजूला अरुंद निघालं. त्याने पातं उलटंसुलटं केलं, मीही केलं, आणि शेवटी कुऱ्हाडीची वरची बाजू कुठली, याबद्दलच आम्हा दोघांना शंका आली. "माझ्यान नाय जमाचा," तो म्हणाला. "वरळीक जावा. थंय होडी बांधतत, तेंका दाखवा."

परळहून वरळी कोळीवाडा तासाभराची चाल. सावली नाही, पाणी परळलाच पिऊन घ्या. कोळीवाड्याच्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून पाटी आली की भिंतीला चिकटावं लागतं. एका कोळणीकडून भाजलेले सुके बोंबील घेऊन उभ्याउभ्या खाल्ले. असे चवदार बोंबील घरी कधी खाल्ले नव्हते, हे घरी रांधणाऱ्या आमच्या काकूंना कुणी सांगू नये. तिनेच मला किनाऱ्यावर एका म्हाताऱ्याकडे धाडलं. तो पाणी शिरू नये म्हणून उलट्या होडीच्या फळ्यांमध्ये कापूस ठासत होता.

म्हाताऱ्याने माझा दांडा हुंगला आणि बाजूला ठेवला. छपरातून बाभळीचं वाळलेलं लाकूड काढलं आणि विचारलं, "चालवनार कोन?"

दिवसभरात दोन ठिकाणी माझं हसं झालं होतं. दुसऱ्याची कुऱ्हाड मोडली, ही कथा पुन्हा सांगायची मला लाज वाटली. "मीच," मी म्हणालो.

त्याने माझा हात धरून ताणला आणि काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत लाकूड लावून पाहिलं. हा काय प्रकार, मला उमगलं नाही. विचारायचा धीरही नव्हता. मग तासून टोक नेढ्यात खालून घातलं, कुऱ्हाड हवेत उलटी धरली, पातं खाली, आणि दांड्याच्या वरच्या बुडावर मोगरीने ठोकू लागला. पात्याला कुठेच टेकू नव्हता, तरी प्रत्येक ठोक्याला ते दांड्यावर घट्ट घट्ट चढत गेलं. का, ते मला अजून कळलेलं नाही. शेवटी दांड्याच्या टोकाला आधीच घेतलेल्या चिरेत त्याने लाकडाची पाचर मारली, उरलेली कापली आणि कुऱ्हाड माझ्या हातात दिली. लाकडाचे चार आणे घेतले, मजुरीला नको म्हणाला. परत येताना समुद्राकाठच्या बांधावरून महालक्ष्मीकडे आलो, वारा छान होता, आणि मला वाटत होतं की आपण काहीतरी करून दाखवलं.

सोमवारी धोंडूने कुऱ्हाड उचलली, झुलवली, आणि दांड्याचं टोक काखेत धरून पात्याकडे हात लांबवून पाहिला. पातं त्याच्या बोटांच्या बरंच अलीकडे राहिलं. तो माझ्याहून वीतभर उंच आहे. त्या म्हाताऱ्याने माझा हात का ताणला होता, ते मला तेव्हा कळलं.

मी लगेच म्हणालो की पुन्हा जातो, दुसरा घालून आणतो. धोंडूने नकार दिला. बसलेला दांडा धडधाकट असताना काढू नये, लाभत नाही, असं त्यांच्यात मानतात. "हा मोडला की बघू, साहेब," तो म्हणाला आणि कामाला लागला.

याला आठ महिने झाले. दररोज सकाळी धोंडू आमच्या खिडकीखाली कमरेत वाकून लाकडं फोडतो आणि दुपारी पाठीला हात लावून बसतो. मी दांडा हलवून पाहतो. जराही सैल झालेला नाही.