पूर्ण सहमत

मापनाशिवाय शिक्षण आंधळं असतं — हे वाक्य माझ्या संशोधन अहवालाच्या पहिल्या पानावर आहे. कुठून उचललं, आठवत नाही. अहवाल पुष्कळांनी चाळला. त्यामागचं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो.

तामलवाडीजवळच्या एका शाळेत मी आठवीला गणित शिकवत होतो. वर्गात चाळीस मुलं. गणित शिकताना मूल स्वतःकडे कसं पाहतं, हे मोजायची एक प्रश्नावली मी तयार केली. 'मला गणित जमतं' अशी वीस विधानं, प्रत्येकापुढं पाच चौकटी — पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. जूनमध्ये एकदा भरून घ्यायची, वर्षभर उपक्रम घ्यायचे, फेब्रुवारीत पुन्हा भरून घ्यायची. आत्मविश्वास वाढलेला दिसायला हवा — म्हणजे, दिसलाच पाहिजे.

"नावं लिहू नका, कुणाचा कागद कुठला ते मला कळणार नाही," असं मी वर्गाला सांगितलं. कागदांच्या मागं पेन्सिलीनं बारीक हजेरी क्रमांक आधीच घातले होते. दोन्ही वेळचे कागद जुळवायला — पण एवढंच कारण होतं का?

मनीषाचा कागद पाहून मला हसू आलं. चाचणीत वीसपैकी सहा गुण, आणि 'मला गणित जमतं' याच्यापुढं ठसठशीत खूण — पूर्ण सहमत. नुसता हसून थांबलो असतो तर... थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी तिला फळ्यापाशी बोलावलं. "या, पूर्ण सहमतबाई!"

वर्ग खदखदला. भाषणं ठोकणाऱ्या पाहुण्यांची हवा काढण्यात माझा हातखंडा आहे. स्टाफरूममध्ये त्याचं कौतुकही होतं. पण तेरा वर्षांच्या पोरीत कसली आलीय हवा?

ती समीकरण सोडवत राहिली. सावकाश, प्रत्येक ओळ पुन्हा तपासत. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, हिची भाकर इथंच मागवा, दिस बुडतोय." मीही हसलो. घंटा झाली.

"सर, येतंय मला. लई वेळ लागतोय, पण येतंय. एकच पायरी राहिलीय."

"राहू दे," म्हणालो आणि डस्टर फिरवलं. फिरवता फिरवता पाहिलं — सगळ्या ओळी बरोबर होत्या. मग तिचा चाचणीचा पेपर काढला. सोडवलेलं प्रत्येक गणित बरोबर; बाकीच्यांपर्यंत ती पोचलीच नव्हती. तपासला मीच होता.

हे तिला सांगायला किती वेळ लागला असता? मी सांगितलं नाही. वर्षभर तिला सगळे त्याच नावानं हाक मारत होते. मीही.

फेब्रुवारीत त्याच विधानापुढं तिची खूण पूर्ण असहमतच्या चौकटीत होती. इतकी फिकट, की कागद उजेडाकडं धरावा लागला. बाकी वर्गाची सरासरी छान वाढली होती. तो कागद मी बाजूला काढला.

अहवालाला पहिलं बक्षीस मिळालं. शाल, श्रीफळ, माझं दहा मिनिटांचं भाषण — मुलांचा आत्मसन्मान या विषयावर.

अहवालात विद्यार्थीसंख्या एकोणचाळीस आहे.