सॅम्पल फ्लॅटच्या दारात

"तोंड उघडायचं नाही. हसायचं आणि शहाळं द्यायचं."

सेल्सवाल्या साहेबाने सांगितलं आणि दोन बोटांनी माझा पदर सारखा केला. विचारलं नाही. बाईच्या अंगाला हात लावतोय, हे त्याच्या मनातही आलं नसेल. मी सजावट होते. आजीचं लाल लुगडं नेसायला लावून, केसांत अबोली माळून मला सॅम्पल फ्लॅटच्या दारात उभं केलेलं. गिऱ्हाइकांना गिरीज गावातल्या वाडीत आल्यासारखं वाटलं पाहिजे म्हणे.

खरी वाडी साइटच्या कुंपणाच्या पत्र्यांपलीकडे होती. आमची, केळीची. या बिल्डिंगसाठी शेजारची भातशेती भराव घालून उंच केली. पाणी खाडीकडे नेणारा ओहोळ बुजवला. पावसाळ्यात सगळं पाणी आमच्या केळीत शिरलं आणि तिथेच राहिलं. केळी उभ्याच्या उभ्या कुजल्या. म्हणून तर हे काम धरलं. ज्या बिल्डिंगने बुडवलं, तिच्याच दारात.

लोक माझ्यासोबत फोटो काढत होते. नाव कुणी विचारलं नाही.

मग एक जोडपं आलं. बाई पोटुशी होती. तिने साहेबाला विचारलं, "पावसात इथे पाणी तुंबतं का?"

"छे, मॅडम. कधीच नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुंबतं. गेल्या पावसात आमच्या वाडीत कमरेएवढं पानी होतं."

साहेब हसला. "पानी? आधी बोलायला शीक. मॅडम, ही शहाळीवाली. हिचं काय ऐकता?"

सगळे हसले. ती बाईही हसली, जरा ओशाळून.

माझे कान तापले. याच शब्दावरून शाळेत बाईंनी मला वर्गासमोर उभं केलं होतं. तेव्हा मी मान खाली घातली होती. आज नाही घातली.

"आम्ही पानीच म्हणतो," मी म्हटलं. "आणि त्याची वाट तुम्ही बुजवलीत."

शहाळी सोलायचा कोयता खाली ठेवला. चालत घरी आले.

त्या जोडप्याने फ्लॅट घेतला. नंतर कळलं. हातचं काम सोडलं म्हणून आई रडली. बाबा म्हणाले, "कशाला बोललीस? उरलेली वाडीपन गिळतील आता. काकाने त्याच्या वाटची विकली, आपनही विकून मोकळे होऊ."

बाबांचं खोटं नव्हतं. वाडीत एक केळ उभी नाही. खायचं काय, ते मलाही माहीत नाही.

पण पुढच्या टॉवरच्या भरावाचे डंपर आमच्याच बांधावरून जातात. भीतीपोटी बाबांनी ते कधी अडवले नाहीत. उद्या सकाळी मी त्या वाटेत बसणार आहे. कुणी सोबत आलं तर बरं. नाही आलं तरी उठणार नाही.