आसेगावची उलटी मोट

माझा आजा जानराव हसत नसे. रागीट होता असंही नाही. आसेगावात वांग्या-मिरचीचा मळा, एक विहीर, एक मोट आणि बैलांची जोडी, एवढ्यात त्याचा दिवस जाई, आणि हसायला वेगळा वेळ काढावा असं त्याला कधी वाटलं नाही. लग्नात विहिणी एकमेकींना चिमटे काढून पोट धरून हसत, तेव्हाही हा बाप्पा मांडवाच्या दोऱ्या तपासत फिरे. अशा माणसाच्या पोटी पुंजाजीमामा जन्मला, म्हणजे कारल्याच्या वेलाला टरबूज लागलं.

मामा मंगरूळपीरच्या बाजारात भाजी विकायला बसे आणि गिऱ्हाईक पाठमोरं झालं की त्याची नक्कल करी. त्याच्या विशीत दर्ग्याच्या उरुसात तंबूतला सिनेमा आला. पडद्यावर एक लठ्ठ साहेब शिडीवरून रंगाच्या बादलीत पडला, बाकी त्यात काहीच नव्हतं. मामाने तो चार वेळा पाहिला आणि घरी येऊन जाहीर केलं की मी पुण्याला जातो.

"कायले?" आजाने विचारलं.

"सिनेमाचं चित्र काढाले शिकतो, बाबा. लोकाले हसवाचं."

"ते का काम आहे?" आजा बैलाच्या गळ्यातली दोरी सोडत म्हणाला. "आंधी मले हसवून दाखव. मंग दुनियेले हसव."

मामाने हे मनावर घेतलं. बापाचं बोलणं इतकं मनावर घेऊ नये असं माझं मत आहे, पण मला विचारतो कोण! मी जन्मलोही नव्हतो. ही सगळी गोष्ट माझ्या आईने, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीने, प्रयागबाईने सांगितलेली आहे.

पुण्याच्या एका सिनेमा कंपनीत मामाला ठेवून घेतलं ते बैलांसाठी. पौराणिक चित्रांत रथाचे बैल राजांचं ऐकत नसत, मामाचं ऐकत. बैलांवरून तो पडदे ओढण्यावर गेला, तिथून कॅमेऱ्यापाशी, आणि आठ-नऊ वर्षांनी मोठ्या चित्राआधी दाखवायच्या छोट्या गमती स्वतः काढू लागला. त्याची एक खोड होती. कॅमेऱ्याशेजारी तो भाजीची एक टोपली उपडी मांडून ठेवी. तिच्यावर कोणी बसायचं नाही. शॉट झाला की टोपलीकडे बघे आणि म्हणे, "नाही हसला. पुन्हा घ्या." नटांना वाटे, गडी चांगला आहे पण थोडा सरकलेला आहे. तो कोणाबद्दल बोलतो हे त्याने कधी सांगितलं नाही.

१९२६ साली त्याने मोटेचं चित्र काढलं. एक मोटकरी पहाटेपासून राबतो आणि सगळी मोट उलटी चालते. कॅमेरा उलटा फिरवून हे साधलं होतं. मुंबईचे लोक म्हणे पहिल्याच दृश्याला लोळले. बैल पाठीमागे चालतात! असं कोणी पाहिलं होतं? कंपनीचा मालक खूश झाला, आणि मामा चित्राच्या पेट्या घेऊन बारा वर्षांनी मंगरूळपीरला आला. तंबू बाबूलाल नावाच्या फिरत्या सिनेमावाल्याचा होता. आजा यायला तयार नव्हता. शेवटी आईने सांगितलं, "बाबा, त्यात बैल आहेत." तेव्हा निघाला.

तंबू खच्चून भरला. पडद्यावर बैल मागे मागे चालू लागले. कोणी हसेना. हसणार कसे? मोट खाली सोडताना बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून, मागे मागेच येतात, रोजचंच आहे! उलट लोक वाखाणू लागले. "जोडी चांगली शिकवेल आहे." "कोन्या गावची असन?" बारा वर्षं शहरात राहून मामा आपल्याच मळ्यातली मोट विसरला होता. तो पडद्याकडे पाहतच नव्हता, बापाच्या तोंडाकडे पाहत होता, आणि ते तोंड होतं तसंच होतं.

मग पडद्यावर थारोळं दिसलं, मोट रिकामी होते ती जागा. तिथलं पाणी उडी मारून मोटेत शिरलं आणि भरलेली मोट विहिरीत उतरू लागली.

आजा ताडकन उभा राहिला. "अबे ओ! थांबव ते बैल! पानी वापस चाल्लं ना!"

तंबू हसून फुटायची वेळ आली. मामा धावत गेला, बापाला हाताला धरून खाली बसवलं.

"कोन आहे हा येडा?" आजाने पडद्यावरच्या मोटकऱ्याकडे बोट दाखवलं.

"तुमीच आहा, बाबा. तुमचंच पाहून केलं."

आजा बराच वेळ बघत राहिला. तो फेटा, ते हातावर थुंकून कासरा धरणं.

"म्हंजे माह्यं दिवसभराचं पानी तू इहिरीत वापस टाकलं?"

"हो, बाबा."

"सारं?"

"सारं."

आजाचं पोट हलू लागलं. मग खांदे हलले, डोळ्यांतून पाणी आलं आणि घशातून कसलासा आवाज निघाला. आईने किंकाळी फोडली, "धावा बाप्पा, बाबाले झटका आला!" दोघांनी त्याचे पाय धरले, एकाने नाकाला कांदा लावला. तिचा तरी काय दोष? जन्मात त्याला हसताना तिने पाहिलंच नव्हतं. कांदा बाजूला सारून आजा कसाबसा म्हणाला, "बाबूलाल, पुन्हा लाव."

पुढे बोलपट आले, मामाच्या मुक्या गमती मागे पडल्या आणि १९३५ साली तो परत येऊन वांगी लावू लागला. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. कारण तंबूतल्या त्या खेळानंतरच्या वर्षी आजा एकदा पुण्याला गेला होता, मिरचीचं गाठोडं डोक्यावर घेऊन. शूटिंग चालू होतं. बसायला काही दिसेना, कॅमेऱ्याशेजारी टोपली उपडी होती. आजा तिच्यावर बसला. सगळे नट काम सोडून थांबले. एक जण त्याला उठवायला निघाला, तर मामाने त्याचा हात धरला.

"काहून थांबले, बाप्पा?" आजा म्हणाला. "चालू द्या ना."

तो शॉट पुन्हा घ्यावा लागला. नटांनी काम चोख केलं होतं, पण मामाने ते पाहिलंच नव्हतं.