चुओक आजोबांचा पायगुण

सकाळी आठला लुआकाकूंनी शटर जेमतेम गुडघ्याएवढं वर उचललं, तर फटीत तपकिरी चपला दिसल्या. पायमोज्यांसकट.

"आले," काकू शटरलाच म्हणाल्या.

चुओक आजोबा. वय एकाहत्तर, नकाशाखात्यातून निवृत्त, खिशात स्टीलची पट्टी, काखेत निळी वही. गेले अकरा दिवस हनोईच्या ली नाम दे रस्त्यावर सगळ्यांत आधी ते काकूंच्या काँप्युटरच्या दुकानी हजर. घसा साफ करायचे, "म्हणजे बघा, माझा प्रश्न अगदी साधा आहे" म्हणायचे, पाऊण तास पिळायचे आणि "बरंय, विचार करतो, उद्या येतो" म्हणून चालू लागायचे. त्यांना काँप्युटर असेंबल करून हवा होता. कशाला? तर हायफोंगच्या धाकट्या भावाशी बुद्धिबळ खेळायला!

भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं की दिवस बसला, हे हनोईतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. उपाय एकच. त्याची पाठ वळली की दारात कागद पेटवायचा आणि धूर चारी कोपऱ्यांत फिरवायचा. काकूंनी अकरा दिवसांत अकरा वर्तमानपत्रं जाळली होती. एकदा आजोबा विसरलेली छत्री न्यायला परतले, तर जाळ ऐन भरात. ते अदबीनं बाजूला उभे राहिले.

"कागद दमट आहे," ते म्हणाले. "पुठ्ठा वापरत जा. धूर कमी होतो."

काकू मुळातल्या बटणं विकणाऱ्या. लग्न झालं आणि नवऱ्याचं हे दीड मीटर रुंदीचं दुकान पदरी पडलं. पुढे नवरा सायगॉनला गेला तो तिकडचाच झाला. दुकान राहिलं, काकू राहिल्या. आता एका हातात केळीच्या पानातला चिकट भात आणि दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर असला, तरी अठरा मिनिटांत काँप्युटर उभा करतात. रॅम बनावट असेल तर नुसत्या बोटांना कळते. स्वतः मात्र काँप्युटरला बसत नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणतात, "बटणं विकायचे तेव्हा काय अंगभर बटणं लावून फिरत होते?"

आज शुक्रवार. नऊ वाजता हा दोंग भागातले ख्वातशेठ येणार होते. त्यांना गेमच्या दुकानासाठी एकदम वीस काँप्युटर हवे होते. दोन महिने दुकानात माश्यासुद्धा चौकशी करूनच जात होत्या, त्यामुळे ही ऑर्डर हातची जाऊन चालणार नव्हती. म्हणून काकूंनी समोरच्या शेवयांवाल्या थामला गाठून ठेवलं होतं. थामचा पायगुण अख्ख्या रस्त्याला ठाऊक. तिनं ठीक आठला यायचं, घासाघीस न करता एक पंखा घ्यायचा आणि जायचं. बस्स.

"थाम! कुठं मेलीस गं?"

"रस्सा उकळतोय ताई! दोन मिनिटं!" समोरून आवाज आला.

तेवढ्यात आजोबा वाकून आत शिरलेसुद्धा. स्टुलावर बसले. घसा साफ केला.

"म्हणजे बघा, माझा प्रश्न अगदी साधा आहे..."

"आजोबा," काकूंनी हात जोडले, "आज काहीतरी घ्याच. ही थर्मल पेस्टची नळी घ्या. वीस हजार डोंग. प्रोसेसरवर लावायला लागतेच. घ्या, पैसे टाका आणि सुखानं घरी जा."

आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, नळी डोळ्यांपाशी नेली. "प्रोसेसर अजून ठरला नाही. आधी पेस्ट घेऊन काय करू? आणि हिची मुदत मार्चमध्ये संपली."

"दहा हजार!"

"मुदत मार्चमध्येच संपलेली राहील."

"फुकट घ्या!"

"फुकट दिलं तर भवानी कसली झाली?" आजोबा शांतपणे म्हणाले. "अर्थात, माझा त्यावर विश्वास नाही."

काकूंनी दातांखाली जे चिरडलं, ते बहुधा आजोबांचं नाव असावं. थाम वाडगं पुसत येतच होती, तोच तिला धक्का लागेल अशी एक भली मोठी स्कूटर दारात थांबली. ख्वातशेठ. चक्क पाऊण तास आधी! सोन्याची साखळी, घामेजलेला शर्ट.

"ताई, घाई आहे. कोटेशन काढा. सही करतो आणि पळतो."

काकूंनी कागद पुढे केला. ख्वातशेठनी पेन उघडलं. आणि आजोबांनी मान लांब केली.

"हे ग्राफिक्स कार्ड ह्या कॅबिनेटमध्ये?"

"आजोबा, चहा घेता?" काकू किंचाळल्या.

आजोबांनी फडताळावरून कार्डाचा खोका उतरवला, कार्ड काढलं, पट्टी लावली. मग कॅबिनेटचं दार उघडून आत पट्टी घातली. "एकतीस सेंटिमीटर. जागा एकोणतीस. डिस्क बसवायचा पिंजरा आडवा येणार."

"अहो, तो पत्रा मी पकडीनं कापून देते. नेहमीच देते!"

"वीस वेळा?" आजोबांनी विचारलं.

ख्वातशेठनी पेनाला टोपण लावलं. तो टक्कन आवाज काकूंच्या काळजात गेला.

"हे कोण?" शेठनी विचारलं.

"कोणी नाही! निघालेच आहेत!"

"मी गिऱ्हाईक," आजोबा म्हणाले. "बारा दिवसांचं." त्यांनी निळी वही उघडून दिली. कुठला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, किती भार खरोखर सोसतो, कुठला पंखा किती घरघरतो, कुठल्या मदरबोर्डावर रॅमच्या किती जागा, सगळं नकाशासारखं बारीक अक्षरात. ख्वातशेठ पानं उलटत राहिले. गेल्या वर्षी त्यांचे नऊ काँप्युटर एकाच उन्हाळ्यात जळाले होते.

"ताई, ऑर्डर तुमचीच," अखेरीस ते म्हणाले. "हे बाबा स्वतःसाठी जे ठरवतील, तेच वीस नग. वर फक्त मोठं ग्राफिक्स कार्ड, आणि कॅबिनेट त्याला पुरेल असं. त्यांचं पक्कं झालं की फोन करा." स्कूटर गेलीसुद्धा.

दारात थाम पन्नास हजारांची नोट घेऊन उभी होती. "ताई, पंखा देतेस ना?"

काकूंनी तिच्याकडे बघितलंच नाही. गादीचं स्टूल शोधून आजोबांच्या खाली सरकवलं, स्वतःचा चिकट भात त्यांच्यापुढे ठेवला, चहा ओतला. "हं. बसा आजोबा. वही काढा. प्रोसेसरपासून सुरू करू. आज सगळं ठरवूनच उठायचं."

साडेअकरापर्यंत प्रोसेसर ठरला. बाराला फिरला. एकला आजोबांनी वही मिटली, पट्टी खिशात घातली, घसा साफ केला.

"एसएमपीएसबद्दल जरा शंका आहे. बरंय, विचार करतो. उद्या येतो."

काकूंचा हात सवयीनं आगपेटीकडे गेला आणि तिथंच थांबला. आता त्यांच्या पाठीमागे कागद जाळून कसं चालेल? वीस काँप्युटर त्या पाठीवरच तर स्वार होते.

"आजोबा," त्या दात ओठ खाऊन गोड आवाजात म्हणाल्या, "उद्या साडेसातलाच या हं. मी शटर लवकर उघडते."