म्हातारा असेपर्यंत

माणसाच्या मरणाची वाट बघू नये म्हणतात. मी बघितली. वर्षानुवर्षं बघितली, आणि कोणी तोंडावर विचारलं तरी सांगीन की हो, बघितली. सकाळी गॅस पेटवताना पहिला विचार तोच असायचा: आज तरी गावाकडून फोन येईल का, म्हातारा गेला म्हणून.

माझी खानावळ रत्नागिरीत, कोर्टाच्या मागच्या गल्लीत. नवरा गेल्यावर सुरू केली. जेवायला येतात ते कोर्टातले कारकून, तारखेला आलेले पक्षकार, नाहीतर सरकारी हॉस्पिटलात माणूस ठेवलेले नातेवाईक. म्हणजे सगळे गांजलेले. माझं माहेर राजापूर तालुक्यात, हमरस्त्यावरच्या फाट्यापासून आत डोंगर उतरून. तिथे आई आणि धाकटा भाऊ असायचे. नंतर आई एकटीच राहिली, आणि भाऊ माझ्याकडे आला. आला म्हणजे हाकलला गेला.

झालं ते असं. आमच्याकडे थंडी सरत आली की भाताची रोपं करायची जागा भाजायला कवळ तोडतात, म्हणजे ऐन-किंजळीच्या पाल्याच्या डहाळ्या. एक जण झाडावर, एक खाली. वरचा डहाळी टाकायच्या आधी ओरडतो, "सर रे!" आणि खालचा बुंध्याला चिकटून उभा राहतो, कारण डहाळ्या पडतात त्या बाहेरच्या अंगाला. बुंध्याशी काही पडत नाही, हे शेंबड्या पोराला ठाऊक. त्या दिवशी वर माझा भाऊ होता आणि खाली त्याचा लहानपणापासूनचा मित्र, शेजारच्या घरातला. एका फांदीवरून दुसरीवर जाताना कोयती कमरेच्या लाकडी आकड्यात अडकवायची असते. आकडा पाठीमागे बांधलेला, त्यामुळे वळून कोणी बघत नाही. हात मागे जातो, कोयती अडकते, हात सुटतो. जन्मभर केलेलं काम. त्या दिवशी ती अडकली नाही. त्याला वाटलं अडकली, आणि त्याने हात सोडला. ओरडायचा प्रश्नच नव्हता, कारण तो काही टाकतच नव्हता. खालचा बिचारा जिथे उभं राहायला हवं तिथेच उभा होता. कोयती मानेवर बसली. फाट्यावरून रिक्षा आत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पोलीस आले, पंचनामा झाला, केस झाली. कोर्टाने त्याला सोडलं. पण गेलेला मुलगा गावकराचा धाकटा. गावकर म्हणजे देवळात सगळ्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान ज्याच्या घराण्याकडे असतो तो. त्याने कोर्टात खोटं काही सांगितलं नाही, उलट, "चुकून झालं" असंच म्हणाला. कोर्ट सुटल्यावर मात्र देवळासमोर गाव बसवला आणि सांगितलं, "मी जिवंत असेपर्यंत याने गावाच्या शिवेत पाऊल ठेवायचं नाही. मी गेल्यावर तो आणि तुम्ही काय ते बघून घ्या."

माझा भाऊ उठला आणि "होय" म्हणाला. बस्स. एवढा धडधाकट गडी, मान खाली घालून होय म्हणाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी पिशवी घेऊन माझ्या दारात उभा राहिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "अरे मेल्या, कोर्टाने सोडलं आणि तू आपण होऊन फासात मान देतोस?" तो म्हणाला, "आक्का, त्यांचा मुलगा गेलाय." कपाळ माझं!

मग तो खानावळीतच राहिला. मासे साफ करायचा, नारळ खवायचा, डबे पोचवायचा. त्याच्यासाठी दोन स्थळं आली होती, ती परत गेली. सुरी खाली ठेवली की तो पुन्हा एकदा वळून बघायचा, ठेवली ना म्हणून. हे बघितलं की मला रडू यायचं आणि रडू आलं की मी त्याच्यावरच खेकसायचे.

आई काही शहरात यायला तयार नव्हती. गुरं कोण बघणार, देवापाशी दिवा कोण लावणार, हेच तिचं पालुपद. त्यामुळे दोघं भेटायची ती फाट्यावर, चहाच्या टपरीत. फाटा गावाच्या शिवेबाहेर. हा रत्नागिरीहून एसटीने जायचा, ती डोंगर चढून यायची. सुरुवातीला भराभर यायची. मग टेकत टेकत यायला लागली. मग वाटेत बसायला लागली. तो रस्त्याच्या कठड्यापाशी उभा राहून तिला चढताना बघायचा. पुढे होऊन हात द्यावा, तर शीव मध्ये. तिला एकच हवं होतं. मरायच्या आधी मुलगा घरात जेवलेला बघायचा होता. आणि त्यालाही दुसरं काही नको होतं. म्हणजे हिशेब साधा होता: आधी कोण जाणार, गावकर की आमची आई? सांगा, मी कोणाच्या मरणाची वाट बघायला हवी होती?

आमच्याकडे जेवायला एक वकील यायचे. ख्रिस्ती, वयस्कर, एकटे. माशाच्या आमटीत काटा निघाला तरी तक्रार नाही, इतका भला माणूस. भावाची केस त्यांनीच चालवली होती. ते दर महिन्याला म्हणायचे, "ताई, असं कोणाला वाळीत टाकणं हा गुन्हा आहे. अर्ज करू." आणि भाऊ दर महिन्याला नाही म्हणायचा. एकदा पानावर बसल्या बसल्या त्यांनी मला सांगितलं की हे काही नवीन नाही, त्यांच्या बायबलात इस्राएली लोकांचा असाच जुना कायदा आहे. हातून नकळत माणूस मेला, म्हणजे लाकडं तोडताना कुऱ्हाडीचं पातं निसटून शेजाऱ्याला लागलं, तर त्याने पळून ठरवून दिलेल्या गावात जायचं. अशी आश्रयाची गावंच राखून ठेवलेली. तिकडे जाणारे रस्ते नीट ठेवायचे. तिथे असेपर्यंत मेलेल्याच्या नातेवाइकांनी त्याला हात लावायचा नाही. शीव ओलांडली तर मात्र मारला तरी गुन्हा नाही.

"आणि घरी कधी जायचं?" मी विचारलं.

"त्या वेळचा मुख्य पुरोहित मेला की."

वाढता वाढता माझा हात तिथेच थांबला. म्हटलं, "म्हणजे सगळ्यांनी मिळून एका म्हाताऱ्याच्या मरणाची वाट बघायची?"

ते हसले. म्हणाले, "बघायचेच. म्हणून त्या पुरोहितांच्या आया या लोकांना जेवण आणि कपडे पाठवायच्या, असं त्यांच्या जुन्या पंडितांनी लिहून ठेवलंय. का, तर यांनी आपल्या मुलाच्या मरणासाठी देवाकडे मागणं मागू नये."

त्यांचं जेवण झालं, ते हात धुऊन गेले, आणि मी तिथेच बसून राहिले. कारण गावकराची बायको, म्हणजे गेलेल्या मुलाची आई, दर वर्षी भात घरात आला की आमच्या आईबरोबर फाट्यावर उकड्या तांदळाची पिशवी द्यायची, "तुझ्या झिलाला दे" म्हणून. वर आमसुलं. मला वाटायचं, काकी मायाळू आहे. आता म्हटलं, वा गे काकी! तांदूळ देऊन माझं तोंड बंद करतेस होय! त्या वर्षीचे तांदूळ मी आल्यागेल्या गिऱ्हाइकांना खाऊ घातले, घरात एक दाणा शिजवला नाही.

आणि मग गावकर स्वतःच रत्नागिरीत आला. छातीत पाणी झालेलं, सरकारी हॉस्पिटलात दाखल. थोरला मुलगा मुंबईहून आला, औषधं आणून दिली आणि रजा नाही म्हणून परत गेला. काकी एकटी कॉटखाली चटई टाकून बसलेली. हे मला भावाने सांगितलं, कारण तो तिथे दुसऱ्या कोणाचा डबा द्यायला गेला होता. सांगितलं आणि म्हणाला, "आक्का, पेज कर. काकांना डॉक्टरांनी पेज सांगितलीय."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. "अरे, तो गेला की तू मोकळा! आईचे किती दिवस राहिलेत? आणि त्याला मी पेज घालून उभा करू?"  भावाने स्वतःच तांदूळ धुतले. त्याला पेज कधी नीट जमली नाही, तळाला लावतो. शेवटी मीच पातेलं हिसकावून घेतलं. केली पेज. तुपाची धार सोडून केली, कारण वाईट स्वयंपाक मला करता येत नाही. तेवढा एक मेला अभिमान आहे.

रोज दोन वेळा डबा जायला लागला. भाऊ म्हाताऱ्याला उठवून बसवायचा, अंग पुसायचा, बाथरूमला न्यायचा. म्हातारा त्याला करू द्यायचा. हॉस्पिटल काही गावाच्या शिवेत नव्हतं ना! एक दिवस डबा घेऊन मी गेले, मुद्दाम. बाहेर काकी भेटली, तिला सरळ विचारलं, "काकी, तांदूळ कशाला पाठवायचीस?"

ती गोंधळली. म्हणाली, "अगो, दोघं आमच्याकडे एकाच ताटात जेवायची. भात घरात आला की माझा हात थांबत नाही. एक गेला, तरी दुसऱ्याला वाढायचं राहतंच ना."

मग नवऱ्याला सांग ना, त्याला घरी येऊ द्या म्हणून, असं मी म्हटलं. तिने मानेनेच नाही म्हटलं. माया भरपूर, हिंमत काडीची नाही. असल्या मायेने कोणाचं पोट भरतं?

आत जाऊन मी म्हाताऱ्याला पेज भरवली. भाऊ समोर नव्हता. म्हटलं, "काका, तुमच्या पाया पडते. आई थकलीय. आता त्याला घरी येऊ द्या."

त्याने पेज गिळली.  मग म्हणाला, "बाय, त्याने मुद्दाम केलं नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पोरगा गुणी आहे. पण तो गावात नाही म्हणून लोक विचारतात, का नाही? मग माझ्या मुलाचं नाव निघतं. तो परत आला की कोण विचारणार? दोन शिमगे जातील आणि माझा मुलगा कधी होता हेसुद्धा कोणाला आठवणार नाही."

मला त्याच्या तोंडावर डबा उलथा करावासा वाटला.   गेलेल्याची आठवण राहावी म्हणून जिवंत माणूस टांगून ठेवायचा, हा कुठला न्याय? पण त्याचे डोळे भरले होते. मी त्याचं तोंड पुसलं आणि डबा घेऊन निघून आले.

तो बरा झाला. होणारच! वेळेवर पेज, वेळेवर गोळी, उचलायला सख्ख्या मुलासारखा माणूस. माझ्या भावाने त्याला दोन्ही हातांवर घेऊन जिना उतरवला आणि गाडीत बसवलं. काकीने भावाच्या तोंडावरून हात फिरवला. म्हातारा समोर बघत बसला. गाडी गेली.

त्यानंतर आईचं फाट्यावर येणं बंद झालं. तिला चढवेना. तरीही भाऊ जायचा, टपरीत बसायचा, कोणाबरोबर तरी तिच्यासाठी बिस्किटं, औषधं पाठवायचा आणि शेवटच्या गाडीने परत यायचा. श्रावणात आई गेली. झोपेतच गेली.

आम्ही दोघं एकाच एसटीने निघालो. फाट्यावर मी उतरले, तोही उतरला आणि कठड्यापाशी थांबला. मी दंड धरून ओढलं त्याला. चारचौघांत ओरडले, "चल! आई मेलीय तुझी! कोण अडवतो बघते मी!" गावातली माणसं घ्यायला आली होती. तीही म्हणाली, "चल रे, कोणी काही बोलणार नाही."

त्याने विचारलं, "काकांनी सांगितलंय?"

 मग एक जण म्हणाला, "त्यांनी काही सांगितलं नाही. पण अडवणारही नाहीत."

"मग नाही," तो म्हणाला.

मी एकटी डोंगर उतरले. स्मशान खाली वहाळाकाठी. सगळा गाव जमला होता. गावकरही आला, काठी टेकत, स्वतःच्या पायांनी. एक शब्द बोलला असता तर पोरं धावत जाऊन भावाला घेऊन आली असती. तो बोलला नाही. मी मुद्दाम थांबले, त्याच्याकडे बघत थांबले. त्याने मान वळवली आणि वहाळाकडे बघत राहिला. चुलत्याचा मुलगा अग्नी द्यायला पुढे झाला, त्याला म्हटलं, बाजूला हो. मीच दिला. लाकडं ओली होती, धरेनात. पोरांनी कोणाच्या तरी गाडीतलं डिझेल काढून आणलं, ते दोनदा ओतलं, तेव्हा कुठे पेटलं. माझ्या आईचा सगळा देह त्या डिझेलच्या घाणीत गेला.

वर आले तेव्हा भाऊ कठड्यापाशीच होता. डोकं ओलं होतं, टपरीवाल्याकडून बादली घेऊन तिथेच आंघोळ केली होती. मी जवळ गेल्यावर म्हणाला, "आक्का, धूर दिसला इथून. खूप होता. नीट पेटली ना?"

"हो," मी म्हटलं. "लगेच पेटली."