गाळलेली ओळ

मी तापट माणूस. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून कोणी म्हणायचं, पंतोजी काय भाविक! भाविक कसला? दर रविवारी पोरांना क्षमा शिकवायची आणि पोटात एका माणसाचं वैर बारा वर्षं जपायचं, असली माझी भक्ती. श्रीमंत पेशव्यांच्या तोफखान्यात मी गोलंदाज होतो. लोणीच्या माळावर सराव चालू असताना उजवा हात मनगटापासून गेला. पुण्यात पेठांच्या पूर्वेला आम्हा ख्रिस्ती गोलंदाजांची वस्ती होती, मातीच्या भिंतींचं आमचं देऊळ होतं. तिथे मुलांना प्रार्थना शिकवायचं काम मग माझ्याकडे आलं.

वैर होतं आंतोनशी. तोफेला मागच्या बाजूला बत्ती लावायचं भोक असतं, त्याला आम्ही कान म्हणतो. पुढून एकजण गजाने दारू ठासतो, तेव्हा दुसऱ्याने कानावर अंगठा घट्ट दाबून धरायचा. अंगठा सुटला की आत वारा शिरतो आणि राहिलेली ठिणगी भडकते. ठासत होतो मी, अंगठा होता आंतोनचा, आणि तो सुटला. पुढे तो तीनदा माझ्या दारात आला, तीनदा मी आतून कडी घातली. त्याची मुलगी रोजा शिकायला यायला लागली, तेव्हा मी तिला दाराजवळ वहाणांपाशी बसवलं. आठ वर्षांची पोर हो! वर्षभरात तिला एकदाही पुढे बोलावलं नाही, तिचं पाठांतर ऐकलं नाही. हे सांगताना अजून मान वर होत नाही.

पाद्रीबाबा गोव्याहून वर्षातून एकदाच येत. प्रार्थना पाठ असेल त्या मुलांना ते पहिला प्रसाद, म्हणजे ख्रिस्ताच्या नावाची भाकर, देत. आधीचे पाद्रीबाबा माझ्या शब्दावरच जात, या वर्षीचे मात्र नवे होते. बाकीच्यांनी पुढच्या वर्षाची वाट बघायची. रोजाच्या आईने तिच्यासाठी पांढरा परकर शिवून ठेवला होता, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. मलाही होतं. तरी मी पाद्रीबाबांना वेदीसमोर उभं राहून सांगितलं, "सगळी तयार आहेत. आंतोनची तेवढी कच्ची आहे." धडधडीत खोटं. ते म्हणाले, "असू दे. सगळ्यांबरोबर म्हणू दे तिला."

मुलांनी प्रार्थना सुरू केली. काय तो खणखणीत आवाज! मी मनातून फुगलो होतो. भाकरीचं मागणं झालं, 'आमचे अपराध माफ कर' झालं, आणि पोरं एका दमात 'मोहात पडू देऊ नकोस' या ओळीवर गेली. तेवढ्यात मागून, दाराजवळून, एक बारीक आवाज एकटाच आला, "जसं आम्ही आमचं वाईट करणाऱ्यांना माफ करतो." पोरं मागे वळून फिदीफिदी हसली. "पंतोजी, रोजा मनाचंच घालते!"

पाद्रीबाबा हसले नाहीत. "ही ओळ तुम्हाला कोणी शिकवली नाही?" थोरली मुलगी म्हणाली, "पंतोजी म्हणतात तश्शीच म्हटली." मुलं माझ्या तोंडाकडे बघून शिकत होती, आणि ती ओळ मी इतकी वर्षं गिळत होतो. देवाशपथ, मला पत्ता नव्हता. पाद्रीबाबांनी रोजाला विचारलं, तुला कोणी शिकवली? ती उठून उभी राहिली. "बाबांनी. ते रोज या ओळीला थांबतात. पंतोजींचं नाव घेतात, मग पुढे म्हणतात." मागे बसलेली एक बाई हसून म्हणाली, "अगं वेडे, पंतोजींनी त्यांना क्षमा करायची, उलटं कसं होईल?"

उलटं नव्हतं. ते मला आणि आंतोनलाच ठाऊक होतं. तोफ तापलेली असली की अंगठ्याला चामडं बांधतात. त्या दिवशी आंतोन चामडं शोधत होता. सरदार बघायला आले होते, मला घाई झाली होती. मी ओरडलो, "चामडं कसलं शोधतोस, नाजूक नार! लाव अंगठा!" त्याने मुकाट्याने लावला. तवा तापावा तशी ती तोफ. मांस भाजलं तेव्हा अंगठा निसटला. सगळ्या वस्तीने त्याला बोल लावला. त्याने माझं नाव कधी काढलं नाही, आणि मीही बारा वर्षं खरं सांगितलं नाही.

मी तिथेच, पोरांसमोर, सगळं सांगितलं. रोजाबद्दलचं खोटंही. माझी जीभ अशी कधी वळली नसती. ती देवाने वळवली, असंच मी मानतो. तसाच आंतोनच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. मी उंबऱ्यावर रडायला लागलो. तो म्हणाला, "आत या, दादा. बारा वर्षं लावलीत, भाकरी निवली की हो." वाकड्या झालेल्या अंगठ्याने त्याने भाकरी मोडली आणि माझ्या डाव्या हातात दिली. क्षमा आपण करायची असते एवढंच मी मुलांना शिकवत आलो होतो. आधी ती घ्यायला हात पसरावा लागतो, हे मला त्या घरात कळलं.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या परकरातल्या रोजाला सगळ्यांच्या आधी प्रसाद मिळाला. आता ती ओळ मुलांकडून तीच म्हणवून घेते. मी दाराजवळ वहाणांपाशी बसतो, आणि तिच्या मागून म्हणतो.